रकान्यात माहेर नसतं

कर्जत,
३ डिसेंबर २०२४

अपेक्षा,

पाकिटावर हे नाव वाचून तुझ्या सासऱ्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. त्यांच्या घरात तू अंबू असशील, माझ्याकडे तू अपेक्षाच. तू मला फोनवर ब्लॉक केलंस, विपुललाही करायला लावलंस, म्हणून ही पत्राची पाळी. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

तुझ्या रागाचं कारण मी विसरलेले नाही. लग्नात विपुलने ताम्हनातल्या तांदळावर अंगठीने 'अंबू' लिहिलं आणि मी भर मांडवात म्हणाले, मेलेल्या बाईचं नाव जित्या पोरीला कशाला? आजही विचारीन. आपली पुतळाआत्या त्या घरात गेली, तिकडे तिची अंबू झाली आणि विपुलला जन्म देऊन तिसऱ्या दिवशी वारली. आत्याच्या घरी भाची सून म्हणून जाते, त्यात नवल नाही. तुमचं तर तुम्हीच जुळवलंत. बुधाजीआतोबांना आपल्या बायकोचं नाव घरात पुन्हा ऐकायचं होतं, तेही मला कळतं. पण नाव म्हणजे काय शालू आहे, एकीचा काढून दुसरीला नेसवायला? तू रडलीस, आणि आई-बाबांच्या मागे उरलेल्या आपण दोघी त्या दिवसापासून एकेकट्या झालो.

तुला दिवस गेलेत आणि जानेवारीच्या शेवटी तू मोकळी होशील, हे मला कोणी सांगावं? चौकच्या बाजारातल्या सुकटवालीने. असो.

मी सध्या खालापूरच्या तहसिलीत जुनी दप्तरं वाचायला जाते. मेलेली लिपी शिकून कुणाशी बोलणार आहेस गं ताई, असं तू माझ्या मोडीला हसायचीस ना? आता ये बघायला. तालुक्यात ज्याला त्याला पणजोबा हवाय. जातीच्या दाखल्यासाठी जुनी नोंद लागते म्हणून लोक सकाळपासून रांग लावतात, आणि मी जन्म-मृत्यूच्या वह्यांतून त्यांचे पूर्वज हुडकून देते. गेल्या आठवड्यात एकाने पणजी शोधायला सांगितली, नाव अंबू. आपल्याकडे अंबू काय कमी आहेत? गावोगावी उंबर तशा अंबू. पानं चाळताना त्याच्या पणजीऐवजी भलतीच अंबू समोर आली. सन १९३१, 'अंबू कोम पोशा ठोंबरे, वय अठरा, बाळंतरोगाने मयत.' कोम म्हणजे बायको. गाव तुझं, घर तुझं. पोशा म्हणजे विपुलचे पणजोबा.

मी वही मिटून चहा पिऊन आले. मग त्याच गावाच्या पुढच्या वह्या काढल्या. सन १९६२, 'अंबू कोम नागू ठोंबरे, वय वीस, बाळंतपणात मयत.' नागू म्हणजे विपुलचे आजोबा. त्यापुढची १९९५ सालची अंबू मला शोधावी लागली नाही. ती आपली आत्या.

तुझ्या घरात अशा तीन अंबू होऊन गेल्या, हे तुला कुणी सांगितलंय का? तेवढंच कळव.

तुझी,
हर्षलाताई


कर्जत,
१४ डिसेंबर २०२४

अपेक्षा,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे माझंच पत्र चार तुकडे होऊन परत आलं. पत्ता मात्र तुझ्या हातचा आहे, 'र्ष'चा रफार अजून वाऱ्यावर सोडतेस. फाडलंस म्हणजे आधी वाचलंस. मला तेवढं पुरे.

लहानपणी तुझं असंच असायचं. राग आला की बोलायचं नाही, नाक लाल करून कोपऱ्यात बसायचं, आणि मग त्या नाकाचा घोळणा फुटून रक्त यायचं. बाबा कांदा फोडून तुला हुंगायला द्यायचे आणि मला ओरडायचे, तूच चिडवलं असशील. चिडवलेलं असायचंच म्हणा.

ताईला भुतं दिसायला लागली असं तुला वाटू नये म्हणून मी रीतसर शोध घेतला. तालुक्यातल्या जेवढ्या वह्या वाळवीने ठेवल्यात तेवढ्यांतल्या सगळ्या अंबू काढल्या. अलिबागच्या दप्तरखान्यात जाऊन आले. अंबू पटकीने गेल्यात, पान लागून, म्हणजे साप चावून, गेल्यात, नव्वदीला टेकून पेज पिता पिता गेल्यात. बाळंतपणात गेलेल्याही आहेत, त्या काळी कुठल्या घरात नव्हत्या? पण सासूमागे सून, सुनेमागे नातसून, आणि प्रत्येक जणी पहिल्याच खेपेला, असं घर एकच सापडलं.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेत माझी मैत्रीण आहे. तिथे एका डॉक्टरीणबाईंच्या टिपणांचा संग्रह आहे. साठच्या दशकाच्या शेवटी त्या आपल्या भागातल्या सुइणींना भेटत हिंडल्या होत्या. मैत्रिणीला म्हटलं, अंबू नावाचं जे असेल ते पाठव. बिचारीने ढीगभर फोटो पाठवले. त्यात एक अंबू तुमची निघाली, नागूची. सुईण सांगते, 'मूल चांगले झाले. बाई बोलत होती. रक्त राहीना. तिसरे दिवशी गेली. त्या घरात हे पूर्वीही झाले आहे. मी पुन्हा त्या घरात पाऊल ठेवले नाही.'

हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. सुईण, जिचं पोटच त्यावर, ती म्हणते पुन्हा पाऊल ठेवलं नाही. काय आहे त्या घरात? मागची ती काळोखी खोली, जिथे विपुल झाला? आणि सगळीकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात, ठोंबऱ्यांत पहिलंही सासरीच, हे कशासाठी? तुझ्या हिरूसासूबाईंच्या गळ्यात चांदीचा टाक आहे ना, पुतळाआत्याच्या नावाचा? पहिली मेली की दुसरीने तो बांधायचा, म्हणजे मेलेली छळत नाही. अगं, पण मेलेलीने छळावंच का? काहीतरी केल्याशिवाय माणसं एवढी घाबरतात का?

मी तुझ्यासारखी गोड बोलणारी नाही, तेव्हा सरळ लिहिते. मुलगा हाती आला की सुनेचं काम संपलं, असं मानणारी घरं मी कागदावर फार पाहिलीत. तुझं सासर बायका मारतं. कसं ते मला माहीत नाही, पण मारतं.

आई नाही, पण मी आहे. माझी दोन खोल्यांची जागा आहे आणि कर्जतला दवाखाने आहेत. कपडे भरू नकोस, कुणाला सांगू नकोस, बाजाराला जाते म्हणून निघ आणि ये.

तुझी,
हर्षलाताई


खालापूर,
३० डिसेंबर २०२४

अपेक्षा,

आज तुझ्या सासूबाई आल्या होत्या. थेट रेकॉर्ड रूममध्ये. रांगेतल्या माणसांना कोपराने बाजूला करत टेबलापाशी आल्या. शिपाई म्हणाला, मावशी, नंबर घ्या. तर म्हणाल्या, "नंबर तुलाच ठेव. मी हिच्याशी भांडाया आलेय."

मग माझं पत्र टेबलावर आपटलं. "आमी बाया मारतो व्हय गं? तुजं ह्ये वाचून पोर दोन दिस जेवली नाय. भरल्या पोटाची पोर! आमचे मालक तर त्या दिसापासून कुनाशी बोलत नायत. आता तुजं पाकीट आलं तर ती उघडायची बी नाय. तांदळाच्या पिपात टाकीन म्हनते."

सगळी रांग ऐकत होती. मला मागे हटायची सवय नाही हे तुला माहीत आहे. मी म्हणाले, "हिरूबाई, तीन अंबू गेल्या. कागद बोलतो."

"कागदाला तोंड हाय? मी हाय ना जिती, मला इचार. तीन पोरं झाली मला त्याच खोलीत, माजं नख बी दुखलं नाय. माजी सासू, ती बी दुसरेपनाचीच, तिची चार झाली. घर मारतं तर आमाला का नाय मारलं?"

मी समोरची वही मिटली.

"ज्या मेल्या त्या तुमच्या," त्या म्हणाल्या. आवाज आता खाली आला होता. "आजेसासऱ्यांची पयली तुमच्या घरची. सासऱ्यांची पयली तुमच्या घरची. सासूनंच सांगितलेलं मला. नि ही," टाक मुठीत धरून, "ही बी तुमचीच. हितं आनून आमी तिला अंबू म्हनायचं, म्हनून तुला वाटतं अंबू मरतात. अंबू नाय गं मरत. तुमच्या पोरी मरतात."

मी त्यांना खुर्ची दिली. त्या खालीच बसल्या, म्हणून मीही खाली बसले. लोक आपापल्या पणजोबांची वाट बघत उभे होते, पण कुणी घाई केली नाही.

त्या तेव्हा शेजारच्या घरात राहायच्या. पुतळाआत्याच्या उशाशी त्याच होत्या. "प्वार ब्येस झालं. ती हसली बी. मंग रगत थांबंना. मी कापडं धुवून धुवून आनते, ती पुन्ना भिजतात. तिचं आधी बी तसंच व्हायाचं. इळा लागला तर दिसभर वाहायचं. नाकातनं यायचं, मंग मी कांदा फोडून द्यायची."

अपू, कांदा म्हटल्यावर मला बाबा दिसले आणि त्यांच्यापुढे मान वर करून बसलेली तू दिसलीस.

मी विचारलं, "अपेक्षाच्या नाकातून येतं का अजून?" त्या म्हणाल्या, "येतं की. गरोदरपनात येतंच म्हनतात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या देवाचं कायतरी ऱ्हायलं असंल. पन आमी टाक घातला, नाव बी घरात परत दिलं. आता ती नाय छळायची." आणि उठता उठता, "जेवलीस का?" असं विचारून पिशवीतली भाकरी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. भांडायला आलेली बाई भाकरी घेऊन आली होती.

हे पाकीट उघड. मी मागचं जे लिहिलं ते बाजूला ठेव, पण हे उघड.

तुझी ताई


कर्जत,
९ जानेवारी २०२५

अपेक्षा,

तू उघडणार नाहीस हे गृहीत धरून लिहिते. न लिहून करू काय?

हिरूबाई गेल्यावर मी त्या वह्या पुन्हा काढल्या. बाईचं नाव, कोणाची कोण, वय, जात, गाव, कशाने मयत. एवढेच रकाने. माहेर कुठेच नाही. सासरी गेलेली बाई कुठून आली हे सरकारला कधी विचारावंसंच वाटलं नाही. मी अलिबागपर्यंत जाऊन नाव शोधत बसले, आणि ज्या नावाने त्या जन्माला आल्या ते मला कुठल्याच कपाटात सापडणार नव्हतं. पुतळाआत्याची अंबू झालेली मी डोळ्यांनी पाहिली होती. बाकीच्या दोघीही आधी कुणीतरी दुसऱ्या असतील, हे माझ्या डोक्यात का आलं नाही? मला त्या घराचा राग होता. रागाने बघितलं की एकच बाजू दिसते.

मग मी आपल्या गावी गेले, शेजारच्या बुधीआजीकडे. तिचे डोळे गेलेत पण तोंड शाबूत आहे. विचारलं, आजोबांना बहीण होती का? बराच वेळ तिने ऐकू न आल्याचं सोंग केलं. मग म्हणाली, "चिमा. लोधिवलीकडं ठोंबऱ्यांत दिलेली. तिकडं तिचं नाव दुसरंच ठेवलं." मी म्हटलं, आमच्या घरात तिचं नाव कसं कुणी काढलं नाही? तर म्हणाली, "बाळंतपनात गेलेलीचं नाव म्हायेरात घेत नाय गं बाय. नाव घेतलं का ती दारात येते." चिमाच्या आधीची कोण, ते तिलाही माहीत नाही. "पन तुमची एक तरी पोर त्या घरी जायाचीच. आत्याचे माघारी भाचीनं तिचं घर राखायचं, तशी रीत."

बघ कसं जमलंय. सासरी नाव पुसलं, माहेरी नाव गिळलं. मधल्या मधे पोरी संपल्या.

मला आता सगळं आठवायला लागलंय. माझी दाढ काढली तेव्हा मी दोन दिवस कापूस चावत होते. दाढी करताना कापलं तर बाबा दिवसभर कागदाचा कपटा चिकटवून हिंडायचे आणि आपण हसायचो. पाळीच्या दिवसांत मी कॉलेज बुडवायचे, तेव्हा आजी म्हणायची, या घरच्या पोरींचं असंच असतं. एवढं बोलून ती दळायला बसायची.

काल पनवेलला रक्ताच्या डॉक्टरांना भेटले. बाई आहेत, हसऱ्या आहेत, पण माझं ऐकता ऐकता त्यांचं हसणं थांबलं. त्या म्हणाल्या, काही घराण्यांत रक्त गोठायला लागणारा एक घटक कमी असतो. बापाकडून मुलीलाही येतो. एरवी माणूस धडधाकट दिसतो, नेहमीच्या तपासणीत कळतही नाही. बाळंतपणात मात्र कळतं. माझं रक्त मुंबईला तपासायला पाठवलंय. त्यांनी विचारलं, घरात कुणी गरोदर आहे का? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग तिला आधी माझ्याकडे आणा. इंजेक्शनं आहेत, सगळं आहे. फक्त डॉक्टरला आधी माहीत पाहिजे. टेबलावर घेतल्यावर कळून उपयोग नाही." विपुलही पुतळाआत्याचा मुलगा, हे ऐकून म्हणाल्या, बाळाचीही तयारी ठेवावी लागेल, दोन्हीकडून येऊ शकतं.

तिथून तशीच टमटम पकडून तुझ्याकडे आले. आतोबा फाटकात उभे होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "इथं खुनी राहतात. तू कशाला आलीस?" तू ओट्यावर होतीस, पोटावर हात ठेवून. पाय सुजलेत गं तुझे. मी हाक मारली, तू आत गेलीस. हाक अपेक्षा म्हणूनच मारली होती, सवयीने. अंबू म्हणून मारली असती तर थांबली असतीस का?

संध्याकाळी खोपोलीत विपुलला त्याच्या कारखान्याच्या गेटवर गाठलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मुलगा चांगला आहे, हे मी आधीच म्हणायला हवं होतं. मग तो म्हणाला, "ताई, गेल्या महिन्यात तुम्ही सांगितलंत आमचं घर मारतं. आता म्हणता तुमचं मारतं. माझे वडील तुमच्या त्या पत्रानंतर आईच्या फोटोसमोर बसून असतात. तुम्हाला नेमकं काय पाहिजे?" मी म्हटलं, अपेक्षाचं रक्त तपासून घे. तो म्हणाला, "तिला आता कुणी सुईही टोचायची नाही. ती घाबरून अर्धी झालीय. रिपोर्ट असेल तर आणा."

आणीन.

ताई


कर्जत,
२१ जानेवारी २०२५

अपू,

रिपोर्ट आला. आहे. माझ्या रक्तात तो घटक निम्म्याहून कमी आहे. म्हणजे मी हट्टाने लग्न केलं नाही तेच मला वाचवायला कारण झालं असेल. बाबा असते तर म्हणाले असते, तुझ्या हेकटपणाचा कधी नव्हे तो फायदा झाला.

नवं सिम घेऊन मी विपुलला रिपोर्ट पाठवला. निळ्या रेघा आल्या. त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहिते: "हा रिपोर्ट तुमचा आहे. यावर माझ्या बायकोचं नाव नाही." मग तो नंबरही बंद. चूक काय त्यात? मीच महिनाभर त्याच्या घरातल्या बायकांची नावं धरून बसले होते.

मग मी चौकपासून खोपोलीपर्यंतचे आणि इकडे पनवेलपर्यंतचे सगळे प्रसूतीचे दवाखाने फोनवर धरले. तू कुठे नाव घातलंयस तेच मला माहीत नाही. अपेक्षा विपुल ठोंबरे विचारलं. नाही म्हणाले. अंबू विपुल ठोंबरे विचारलं. काही ठिकाणी नाही म्हणाले, एका ठिकाणी मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, "आम्ही पेशंटची माहिती देत नाही. तुम्ही कोण?" मी बहीण म्हटलं. ती म्हणाली, मग बहिणीलाच विचारा ना. त्यांचंही बरोबर आहे. त्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना भेटले, ते म्हणाले असं कुणाच्या सांगण्यावरून होत नाही, घरच्यांना घेऊन या. डॉक्टरांनी माझा कागद ठेवून घेतला. कुठल्या फाईलला लावणार तो? तू तिथलीच आहेस की नाही हेही मला माहीत नाही.

सुकटवाली सांगते, तुझं पोट खाली आलंय. हिरूबाईंनी खोली सारवून घेतलीय, दवाखान्यातून आल्यावर तुला निजवायला. टाक उजळून आणलाय. तू खूश आहेस म्हणे. 

पहिल्यांदा मी लांडगा आला म्हणून ओरडले तो लांडगा खोटा होता, तुझ्या अंगणातला. आता खरा आलाय, तर माझ्या आवाजाला कुणी मान वळवत नाही. मला भीती वाटते अपू. अशी भीती मला आई गेली तेव्हाही वाटली नव्हती, कारण तेव्हा तू शेजारी होतीस.

हे पाकीटही पिपात जाईल. म्हणून त्याच्याबरोबर आज एक कार्ड पाठवतेय. पाकीट न उघडता ठेवता येतं. पण कोपरा फाडलेलं कार्ड अजून कुणी न वाचता ठेवलेलं नाही. हल्ली मेल्याची बातमीही मोबाईलवर येते, तुला कदाचित ही रीत माहीतही नसेल. तुझ्या सासऱ्यांना माहीत आहे. असं कार्ड आलं की पोस्टमन उंबऱ्याच्या आत येत नाही. घरच्या कर्त्याला बाहेर बोलावतो. कर्त्याने अंगणात उभ्याने, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायचं, तिथेच फाडायचं, आणि मग सगळ्यांनी अंघोळी करायच्या.

हे पुढचं चौकच्या नाक्यावर लिहितेय, तुमच्या पोस्टमनला मी आत्ताच इथे गाठलं. कार्डाचा कोपरा बघून त्याने आधी हातच लावला नाही. म्हणाला, "कोन गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही." तो म्हणाला, "मंग कोपरा कशाला फाडला? जित्या मानसाच्या दारात असलं न्यायचं म्हंजे पाप हाय, बाई." मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली, आणि म्हणाला, द्या.

जित्या बहिणीच्या दारात असं कार्ड धाडणं काय असतं, ते मला कळतं. मांडवात मी जे बोलले ते याच्यापुढे काहीच नव्हे. आयुष्यभर बोलू नकोस माझ्याशी, चालेल. त्यासाठी तुझं आयुष्य हवं.

हर्षला


पोस्टकार्ड, पोस्टमनच्या हस्ते
२१ जानेवारी २०२५

श्री. बुधाजी नागू ठोंबरे यांस,

अंगणातच उभे राहून मोठ्याने वाचा. कुणी वारलेलं नाही.

तुमची आई आमच्या घरची चिमा. तुमची बायको आमच्या घरची पुतळा. दोघींचं रक्त थांबलं नाही, कारण ते आमचं रक्त होतं. तुम्ही काही केलं नव्हतं. तुमच्या घराने काही केलं नव्हतं. मी लिहिलं ते खोटं होतं आणि हे शेजाऱ्यांनाही ऐकू जाऊ दे.

तेच रक्त अपेक्षाच्या अंगात आहे. तिच्या कळा सुरू व्हायच्या आत तिला पनवेलच्या रक्ताच्या डॉक्टरांकडे न्या. त्यांचा फोन मागे लिहिला आहे. त्या वाट बघत आहेत. यावर औषध आहे. तुमच्या आईच्या वेळी नव्हतं, पुतळाच्या वेळी कुणाला माहीत नव्हतं. आता तुम्हाला माहीत आहे.

अंघोळी करू नका. गाडी काढा.

हर्षला